मध्यस्थाचे दायित्व

जी कामे दोन माणसांच्या मध्ये उभे राहून करावी लागतात, त्यांविषयी आपल्या समाजाच्या मनात पूर्वापार आदर कमी आहे. शेतकरी धान्य पिकवतो, विणकर वस्त्र विणतो, वैद्य रोग्याला बरे करतो. ह्या सर्वांच्या श्रमाचे फळ डोळ्यांना दिसते. परंतु एकाची वस्तू घेऊन दुसऱ्याच्या हाती देणारा जो मनुष्य, त्याला आपण दलाल म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना आपला स्वर नकळत खाली येतो. त्याने वस्तूत भर कशाची घातली, तर केवळ किमतीची, असा आपला साधारण समज आहे. मौज अशी की, हा हलका समज त्या मध्यस्थालाही पुष्कळदा सोयीचा वाटतो. मालात खोट निघाली की तो म्हणतो, "माल माझा नव्हे, तिकडून आला तसा मी इकडे दिला." समाजाची अवहेलना आणि मध्यस्थाची पळवाट ही दोन्ही एकाच कल्पनेतून निघालेली आहेत. मध्ये उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचे असे नैतिक अस्तित्व नसते, ही ती कल्पना होय. ती कितपत खरी आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आणि तो विचार अधांतरी राहू नये म्हणून एक विशिष्ट व्यापार डोळ्यांपुढे ठेवावयाचा आहे. रक्त, लघवी, थुंकी इत्यादींच्या तपासणीसाठी लागणारी रसायने, पट्ट्या व यंत्रे परदेशांतून आणून येथील प्रयोगशाळांना पुरवण्याचा हा व्यापार आहे.

बहुतेक कुटुंबांनी हा व्यापार कधी पाहिलेला नसतो, परंतु त्याचा माल प्रत्येक घरापर्यंत पोचलेला असतो. सकाळी उपाशीपोटी आपण हात पुढे करतो, आणि सायंकाळी एक कागद आपल्या हाती येतो. त्या कागदावरच्या आकड्याच्या मागे केवढा प्रवास असतो! रसायन जर्मनीत, जपानात, अमेरिकेत, कोरियात किंवा चीनमध्ये तयार होते. तेथील कारखानदाराने, ज्याला ह्या धंद्यात 'प्रिन्सिपल' म्हणतात त्याने, येथील एका पेढीला मुखत्यारपत्र दिलेले असते. त्या मुखत्यारपत्राच्या बळावर ती पेढी केंद्रीय औषध नियंत्रकाकडून आयातीचा परवाना मिळवते. ह्या सर्व व्यवहाराचे मूळ १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात असून, वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१७ साली झाले व १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्यांत जोखमीच्या मानाने मालाचे चार वर्ग केलेले आहेत. माल विमानाने मुंबईत सहारला किंवा बोटीने न्हावाशेव्याला उतरतो, कस्टम्समधून सुटतो, शीतगृहात जातो, आणि तेथून नागपूर, लातूर, कोल्हापूर अशा ठिकाणच्या वितरकांमार्फत लहानमोठ्या लॅबच्या फ्रिजमध्ये विसावतो. ह्या संपूर्ण वाटेवर पुष्कळसा माल दोन ते आठ अंश उष्णतामानात राहिला पाहिजे, अशी त्याची अट असते.

आता ह्या मालाचे वैशिष्ट्य काय, ते पाहू. कापड विरलेले असेल तर ते डोळ्यांना दिसते. आंबा नासका असेल तर नाकाला कळतो. तपासणीचे किट मात्र आपल्याला एक विधान विकते. 'रोग आहे' किंवा 'रोग नाही' एवढेच ते विधान असते, आणि त्याचा खोटेपणा त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. उन्हाने बिघडलेली पट्टीसुद्धा उत्तर देतच असते. पट्टीवर रोगाची रेघ उमटली नाही, ह्याचा अर्थ रोग नाही असाही होतो, आणि रेघ उमटवणारे द्रव्य निकामी झाले असाही होतो. पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. पट्टीवर पडताळ्याची दुसरी रेघ असते हे खरे. परंतु द्रव पट्टीवरून पुढे सरकला, एवढीच साक्ष ती मुख्यत्वे देते. पट्टी रोगाला पूर्वीइतक्याच सूक्ष्मतेने ओळखते की नाही, हे ती सांगू शकत नाही. चांगली लॅब ज्ञात नमुने लावून रोज आपली रसायने पडताळून पाहते. परंतु तालुक्याच्या गावी एका खोलीत चालणाऱ्या लॅबला ते परवडतेच असे नाही. आणि रोग्याला तर पडताळणीचे कोणतेच साधन नसते. तात्पर्य, येथे विकणारा व घेणारा ह्यांचे नाते नुसते सौद्याचे राहत नाही. ते साक्षीदार आणि न्यायाधीश ह्यांच्या नात्याच्या जवळ जाते. न्यायाधीश घटनेच्या जागी नव्हता. साक्षीदाराच्या शब्दावर त्याला भरवसा ठेवणे भाग आहे.

शिवाय ह्या साक्षीचे गणित मोठे फसवे असते. समजा, एक चाचणी रोग्यांपैकी शेकडा ९० जणांना बरोबर ओळखते, आणि निरोगी माणसांपैकी शेकडा ९५ जणांना बरोबर सोडून देते. ऐकणाऱ्यास ती उत्तमच वाटेल. आता हजार माणसे तपासली आणि त्यांत खरे रोगी १० च असले, तर त्यांतील ९ जण सापडतील. परंतु उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी शेकडा ५, म्हणजे सुमारे ५० जणांनाही 'रोग आहे' असा कागद मिळेल. म्हणजे 'रोग आहे' असे ज्यांना सांगितले गेले, त्यांच्यातील दर सहा जणांत पाचांना तो नाहीच! माहितीपत्रकावर ९० व ९५ हे आकडे ठळक छापलेले असतात. हा पुढचा हिशेब मात्र तेथे सहसा नसतो. विक्रीस जाणाऱ्या माणसाने तो सांगितला नाही, तर तो खोटे बोलला असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याने खरे सांगितले असेही म्हणता येणार नाही. ह्या दोहोंमधल्या अरुंद पट्टीतच आपला प्रश्न उभा आहे.

ह्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. क्षयरोगाचे जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८२ साली शोधून काढले, आणि तेव्हापासून थुंकी तपासून ते जंतू प्रत्यक्ष पाहणे हा निदानाचा सरळ मार्ग ठरला. परंतु थुंकी तपासणे कष्टाचे आणि काहीसे किळसवाणे काम. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखणारी किटे बाजारात आली, तेव्हा खाजगी लॅबना व डॉक्टरांना ती साहजिकच सोयीची वाटली. ह्या चाचण्यांचा पुरावा तपासून जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०११ मध्ये स्पष्ट सांगितले की, क्षयाच्या निदानासाठी त्या मुळीच वापरू नयेत. त्या रोगी माणसाला निरोगी व निरोगी माणसाला रोगी ठरवतात. अशा निदान १८ चाचण्या तेव्हा बाजारात होत्या. वर्षाला दहा लाखांहून अधिक वेळा त्या केल्या जात होत्या. आणि पुष्कळ रोगी एका चाचणीसाठी तीस डॉलरपर्यंत पैसे मोजत होते. त्यांतील बहुतेक युरोप व उत्तर अमेरिकेत तयार होत असत, आणि तरीही कोणत्याही मान्यताप्राप्त नियामक संस्थेची त्यांना मंजुरी नव्हती. ज्या देशांत नियमनाची पकड ढिली आहे, त्या देशांकडे हा माल वळवला जात होता. जून २०१२ मध्ये भारत सरकारने अशा किटांची आयात, उत्पादन व विक्री बंद केली.

ह्या प्रकरणात खोटे कोण बोलले, हे शोधू लागले म्हणजे मती कुंठित होते. कारखानदार म्हणेल, "आमच्या नमुन्यांवर चाचणी बरोबर चालली होती." आयातदार म्हणेल, "ज्या वर्षी मी माल आणला, त्या वर्षी तो आणण्यास कायद्याची आडकाठी नव्हती." वितरक म्हणेल, "लॅबने मागितले, मी दिले." लॅब म्हणेल, "डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले." आणि डॉक्टर म्हणतील, "लॅबचा अहवाल मी कसा नाकारू?" प्रत्येकाच्या हातात आपापला स्वच्छ कागद आहे, आणि साखळीच्या शेवटी एक माणूस नसलेल्या रोगाची महिनोन्‌महिने औषधे घेत आहे, किंवा असलेला रोग 'नाही' असे समजून घरातल्या लेकरांजवळ खोकत बसला आहे. पाप तर घडले, पण पापी सापडत नाही! दायित्व जितक्या हातांतून जाते तितक्या वेळा ते थोडे थोडे सांडते, आणि शेवटच्या हातात पोचेपर्यंत भांडे रिकामे होते. आजच्या व्यापारातील पुष्कळशा अनीतीचे स्वरूप असे आहे. तिला दुष्ट माणसांची गरज लागत नाही; मान खाली घालून आपापला कागद नीट ठेवणारी माणसे तिला पुरतात.

ह्यावर एक सोपा उपाय सुचतो, तो असा की सर्व दोष मूळ कारखानदाराच्या माथी मारावा. हा उपाय किती अन्यायाचा होऊ शकतो, ह्याचे उदाहरण निदानाच्या क्षेत्रातले नाही, लसीच्या क्षेत्रातले आहे. परंतु मुंबईशी त्याचा निकट संबंध असल्यामुळे ते येथे सांगणे योग्य होईल. प्लेगची लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन ह्यांच्या परळ येथील प्रयोगशाळेतून ती लस देशभर जात असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ माणसांना लस टोचली गेली, आणि त्यांतील एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. ठपका प्रयोगशाळेवर आला. हाफकिन ह्यांना पद सोडावे लागले. परंतु बाटली उघडतेवेळी चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले गेले, ही गोष्ट पुराव्यात होती. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी हे प्रकरण लावून धरले, आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. पुढे १९२५ मध्ये त्याच संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. दोष बहुधा वस्तूच्या जन्मस्थानी नसून तिच्या प्रवासातल्या सांध्यांत असतो, हे ह्या प्रकरणाने शिकवले. जेथे एक हात वस्तू सोडतो आणि दुसरा ती धरतो, तेथे लक्ष चुकते. आणि मध्यस्थाचे सारे आयुष्य ह्या सांध्यांवरच उभे असते.

येथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. मध्यस्थाने वस्तू घडवली नाही, वापरलीही नाही. मग तिच्या सत्यासत्याचे ओझे त्याने का वाहावे? माझ्या मते ह्याचे उत्तर एका साध्या वस्तुस्थितीत आहे. दोन्ही तीर पाहणारा तो एकटाच असतो. परदेशातील कारखानदाराला आपले रसायन ठाऊक असते. परंतु मे महिन्यात चंद्रपूरला दुपारी काय ऊन तापते, वीज किती वेळ जाते, आणि लहान लॅबच्या फ्रिजमध्ये किटांशेजारी दुपारचा डबाही ठेवलेला असतो, हे त्याला ठाऊक नसते. उलट लॅबवाल्याला आपले गाव ठाऊक असते. परंतु माल विमानतळावर दोन दिवस उन्हात पडला होता, किंवा अमुक लॉट आकडे कमी दाखवतो अशी तक्रार दुसऱ्या राज्यातून आलेली आहे, हे त्याला कोण सांगणार? हे दोन्ही फक्त मधल्या माणसाला कळते. दुसऱ्याला जे जाणण्याचा मार्गच नाही आणि ज्यावर त्याचे हित अवलंबून आहे, असे काही आपल्याला कळले, की ते सांगण्याचे कर्तव्य आपल्यावर येऊन पडते. त्यासाठी वेगळा करार लागत नाही. म्हणून मध्यस्थाचे दायित्व त्याच्या ज्ञानातून जन्मते, आणि त्याचा विशिष्ट अपराध मौनाचा असतो.

तत्त्व असे सांगून टाकणे सोपे. ते निभावणे किती कठीण आहे, हे व्यवहारातल्या एका प्रसंगाची कल्पना केली म्हणजे ध्यानात येईल. समजा, डेंग्यूच्या किटांची खेप आली. पेटीत उष्णतामान टिपणारे लहानसे यंत्र असते. त्यात असे दिसले की, वाटेत कोठेतरी अकरा तास माल आठ अंशांऐवजी एकोणीस अंशांवर होता. कारखानदाराला पत्र गेले, उत्तर आले की, "बहुधा अपाय झाला नसावा, तथापि हमी देता येत नाही." विम्याची कंपनी हात वर करते. माल लाखो रुपयांचा आहे, कर्ज बँकेचे आहे, पेढीवर वीस माणसांचे पोट आहे. इकडे पावसाळा सुरू असून तीन जिल्ह्यांची रुग्णालये किटांची वाट पाहत आहेत. माल नष्ट करावा, तर नवी खेप येईपर्यंत तपासणीच बंद. आणि तपासणी नसणे हेही रोग्याचे नुकसानच. गुपचूप विकावा, तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित एखाद्या मुलाचा ताप 'डेंग्यू नव्हे' म्हणून घरीच काढला जाईल. अशा वेळी नीतीची पाठ केलेली वाक्ये उपयोगी पडत नाहीत.

तरीही येथे एक वाट आहे. ज्ञात नमुन्यांवर त्या लॉटमधील किटे तपासून पाहावीत. जे आढळले ते आणि जे घडले ते दोन्ही घेणाऱ्याला लेखी कळवावे. आणि घ्यायचे की नाही, घेतल्यास कशा सावधगिरीने वापरायचे, हे त्याला ठरवू द्यावे. काही जण माल परत करतील, काही किंमत कमी मागतील, एखादा कायमचा तुटेलही. नुकसान होईल हे खरेच आहे. ते होणार नाही असे सांगणे भोळेपणाचे होईल. परंतु मध्यस्थाला जे शक्य नाही ते ह्या मार्गात त्याच्याकडून मागितलेले नाही. पूर्ण निश्चिती त्याच्याजवळ नाही, असूही शकत नाही. जितकी निश्चिती आपल्याजवळ आहे तिच्याहून अधिक असल्याचा आव आणू नये, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. वस्तूबरोबर तिच्याविषयीचे ज्ञानही पुढच्या हातात गेले पाहिजे. वस्तू पुढे सरकवून ज्ञान मागे ठेवून घेतले, की फसवणूक झाली, मग बिलावरचा प्रत्येक शब्द खरा का असेना.

ह्यावर आक्षेप येतील. पहिला असा की, "मी न विकले तर शेजारचा विकेल, रोग्याला त्याचा काय फायदा?" हा युक्तिवाद वरवर हिशेबी दिसतो, पण त्याने काहीही सिद्ध करता येते. जगातील प्रत्येक दुष्कृत्य करायला दुसरा कोणीतरी तयार असतोच. म्हणून ते करण्याचा परवाना सर्वांना मिळत नाही. शिवाय हा हिशेबही नेहमी बरोबर नसतो. 'ही पेढी शंका असेल तर आपणहून सांगते' असे एकदा ठरले, म्हणजे न सांगणाऱ्यांकडे लोक संशयाने पाहू लागतात. आपल्या जुन्या बाजारपेठेत ह्यालाच पत म्हणत असत, आणि पत गेलेल्या पेढीची हुंडी कोणी स्वीकारत नसे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धंद्याची रीतच अशी पडली आहे की, सरळ माणसाला तीत उभे राहणे अवघड. लाखोंचे यंत्र लॅबला फुकट बसवून द्यावयाचे, आणि त्याच्या मोबदल्यात काही वर्षे त्याच कंपनीची रसायने ठरलेल्या प्रमाणात घेण्याचे बंधन घालावयाचे, असा प्रघात आहे. तो मूळचा वाईट नाही. त्यामुळेच लहान शहरांत चांगली यंत्रे पोचली. परंतु ठरलेला आकडा गाठण्यासाठी लॅबला चाचण्या वाढवाव्या लागतात, चाचण्या वाढवण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठीच्या मागे 'कट' येतो. डॉक्टरांनी असे कमिशन घेऊ नये, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. महाराष्ट्रात २०१७ साली ह्या 'कट प्रॅक्टिस'विरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. वितरक म्हणतो, "मी कोणाला कट देत नाही, मी फक्त रसायन विकतो." परंतु दोन डॉक्टरांच्या गावात लॅबने महिन्याला दोन हजार चाचण्यांचा करार केला, तर त्या चाचण्या कोठून येणार, हे करार लिहून घेणाऱ्याला कळत नाही काय? येथेही त्याचे ज्ञानच त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

आणि नफ्याचे काय? व्यापारी नफा घेतो ह्यात गैर काही नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफा मान्य केला आहे. दुरून माल आणणाऱ्याची जोखीम मोठी, हे तो जाणत होता. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, चीनहून आणलेल्या प्रतिपिंड-चाचणीच्या किटांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. आयातदाराला एक किट भाड्यासह सुमारे २४५ रुपयांना पडले होते. मधल्या हातांतून जाऊन सरकारी संस्थेसाठी त्याचा दर ६०० रुपये झाला होता. न्यायालयाने तो ४०० रुपयांवर आणला. पुढे तीनच दिवसांनी, निष्कर्षांत फार तफावत आढळल्यामुळे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ती किटे वापरू नयेत असे राज्यांना कळवले! किमतीचा वाद चालला असताना वस्तूच्या खरेपणाचा प्रश्न मागे उभाच होता.

नफा कशाचा घेतो, असे मध्यस्थाला विचारले तर तो म्हणेल, "जोखमीचा, जाणकारीचा, आणि माझ्या नावाच्या भरवशाचा." उत्तर योग्य आहे. परंतु खोट निघाल्यावर तोच मनुष्य जेव्हा म्हणतो की, "मी फक्त पोचवले," तेव्हा त्याने आपले आधीचे उत्तर मागे घेतलेले असते. केवळ पोचवलेच असेल, तर त्याला केवळ वाहतुकीचे दाम मिळावे. नफा जामिनाचा घ्यावयाचा आणि जबाबदारी हमालाची पत्करावयाची, ही गोष्ट न्यायाच्या कोणत्याही तराजूत बसत नाही. खरे पाहता हमालसुद्धा पेटी आपटून फोडली तर बोलणी ऐकून घेतो.

धंद्याची रीत बदलतच नाही, असेही नाही. क्षयाच्या रक्तचाचण्यांवर बंदी आल्यानंतर २०१३ साली काही खाजगी लॅब, कारखानदार व वितरक ह्यांनी मिळून एक करार केला. जागतिक संघटनेने मान्य केलेल्या चांगल्या चाचण्यांची रसायने लॅबना सवलतीच्या दराने मिळावीत, आणि त्याच्या बदल्यात लॅबनी रोग्याकडून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक पैसे घेऊ नयेत व आढळलेला प्रत्येक रोगी सरकारला कळवावा, अशा त्याच्या अटी होत्या. ह्यात कोणी सर्वस्वाचा त्याग केला नाही. प्रत्येकाने थोडा नफा सोडला आणि सर्वांनी एकाच वेळी सोडला, म्हणून कोणी बुडाले नाही. एकट्याला जे सद्‌वर्तन परवडत नाही, ते अनेकांनी एकत्र बांधून घेतले तर परवडते, एवढे ह्यावरून दिसते.

काळाने चाक फिरवलेही आहे. क्षयाचे जंतू ओळखणारे 'ट्रूनॅट' हे गोव्यातील कंपनीचे लहानसे यंत्र २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले, आणि ते आफ्रिकेतील देशांतही जाऊ लागले. म्हणजे जेथे आजवर आपण घेणारे होतो, तेथे आता देणारेही झालो आहो. तिकडच्या एखाद्या गावातील लॅब आता आपल्या मालाकडे त्याच विश्वासाने पाहील, ज्या विश्वासाने लातूरची लॅब जर्मनीच्या मालाकडे पाहते. 'त्यांच्याकडचे नियम ढिले आहेत, चालून जाईल' असे जे शब्द आपल्याविषयी कोणी उच्चारले असतील, ते आपल्या तोंडून दुसऱ्याविषयी निघतात की नाही, हीच आपल्या नीतीची खरी परीक्षा ठरेल.

मध्यस्थाला नैतिक अस्तित्व नसते, ही कल्पना आपल्या परंपरेचीसुद्धा नव्हे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे बांधले. आणि त्याला आपल्या पुण्याचा गर्व झाला. तेव्हा त्याला सांगण्यात आले की, धर्म शिकावयाचा असेल तर वाराणसीच्या तुलाधार वाण्याकडे जा. हा तुलाधार काही घडवत नव्हता. नाना प्रकारचे रस व सुगंधी पदार्थ तो दुसऱ्यांच्या हातून विकत घेई आणि कपट न करता पुढे विकी; एवढेच त्याचे काम. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो वितरकच होता. त्याचा तराजू सर्वांना सारखा होता, आणि त्या सारखेपणालाच तो आपला धर्म म्हणत होता. व्यासांनी अरण्यातल्या तपस्व्याला दुकानदाराच्या पायरीशी शिकावयास पाठवले, ही गोष्ट दलाल शब्द उच्चारताना स्वर खाली आणणाऱ्या आपल्या समाजाने विसरण्यासारखी नाही.

मात्र तुलाधाराच्या दुकानी जाणारे गिऱ्हाईकही तसेच असावे लागते. जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या टेंडरमध्ये सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच काम मिळते. शीतपेटीचा, पडताळणीचा, खरे सांगण्याचा खर्च त्या दरात कोठे धरलेला असतो? आपणही लॅब निवडताना कोठे दहा चाचण्या स्वस्तात एकत्र मिळतात तेवढे पाहतो. रसायन कोठे ठेवतात, पडताळणी करतात काय, हे विचारत नाही. आपण जेव्हा केवळ स्वस्ताई मागतो, तेव्हा तिच्याबरोबर थोडे मौनही विकत घेत असतो. मध्यस्थाने बोलावे अशी आपली अपेक्षा असेल, तर त्याच्या बोलण्याची किंमत देण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे. आणि त्याने अप्रिय बातमी आपणहून सांगितली, तर त्याला सोडून न बोलणाऱ्याकडे जाता कामा नये.

व्यापारात सचोटी असावी, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, त्याचा अर्थ झिजून गेला आहे. ह्या व्यापारात मात्र त्याला अगदी निश्चित अर्थ देता येतो. आपल्याला जे कळले ते मालाच्या पेटीबरोबर पुढच्या हातात पोचले की नाही, एवढाच प्रश्न पेढीवर बसलेल्या माणसाने प्रत्येक खेपेला स्वतःस विचारावा. पेटी उघडणारा लॅबचा मनुष्य त्याला ओळखत असेल. परंतु ज्याच्यासाठी ती पेटी आली, तो रोगी त्याला कधी भेटणार नाही, त्याचे नावही ऐकणार नाही, आणि कागदावरचा आकडा खरा निघाला म्हणून त्याचे आभारही मानणार नाही. ज्याच्याकडून आभाराची वा तक्रारीची कसलीच शक्यता नाही, अशा माणसाचे हित सांभाळणे हेच मध्यस्थाचे दायित्व आहे. आणि ते जो पाळतो, त्याला दलाल म्हणताना आपला स्वर खाली येण्याचे कारण उरत नाही.